पाळकाचा झगा उतरवल्यावर

प्रिय बाबांना धाकट्याचा सलाम,

आम्ही चौघं खुशाल आहोत. पाळकाचं घर सोडल्यावर खोल्या दोनच मिळाल्या, पण उजेड भरपूर येतो. मला शाळेत कारकुनाचं काम मिळालं.

गेल्या रविवारी मी कॅथलिक झालो. दुसऱ्या कुणाकडून कानावर येण्याआधी मीच सांगतो.

चौदा वर्षं मी तुमच्यासारखाच अँग्लिकन पाळक होतो. पारसाल एका मरणाऱ्या सुताराने विचारलं, "पाळकसाहेब, माझ्या पापांची क्षमा झाली, हे तुम्ही कुणाच्या अधिकाराने सांगता?" मी उत्तर दिलं आणि तो शांतपणे गेला. माझं समाधान मात्र झालं नाही. मग वर्षभर वाचलं, देवाशी भांडलो. तो अधिकार येशूच्या शिष्यांपासून अखंड चालत आलाय तो कॅथलिक चर्चमध्येच, असं शेवटी मला पटलं.

कॅथलिक धर्मगुरू अविवाहित असावा लागतो आणि माझं लग्न झालेलं आहे, त्यामुळे इथे मला धर्मगुरू होता येणार नाही. मी शेवटच्या बाकावर बसतो. तुमची सून चर्चच्या दारापर्यंत येते आणि बाहेरच थांबते.

तुमच्या चर्चच्या मंडळीतले लोक माझ्यावरून तुम्हाला टोचून बोलतात का?

आईचा दमा कसा आहे? डॉक्टर काय म्हणाले ते खरं कळवा. तिचं काही बरंवाईट झालं तर मला बोलवा. दफनाची प्रार्थना तुम्हीच म्हणा. खांदा द्यायला पाळक असावं लागत नाही.

अजून तुमचाच,
धाकटा