आबा घरातच होते

ताई,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. आबा तुझ्याकडे राहायला गेलेत, असं मी गावभर सांगून बसलेय.

तुला माहीतच आहे, वर्षातून तीन दिवस आपण अख्खं गाव देवासाठी मोकळं करतो. गुरंढोरं, कोंबड्या, तान्ही पोरंसुद्धा ओढ्यापलीकडे मांडवात नेतो. मागे कोणी राहायचं नाही. पण आबांना आता कूसही बदलता येत नाही. "मला हलवलंस तर वाटेतच संपेन गं," म्हणाले. मी उशाशी खाणं-पाणी ठेवलं आणि बाहेरून कुलूप लावलं.

तीन दिवस मांडवात शेजारच्या काकूंनी आबांची चौकशी केली, की मी विषय बदलून चुलीकडे वळायचे.

चौथ्या दिवशी सकाळी धावतच घरी आले. कुलूप जसंच्या तसं होतं. आत आबा जिवंत होते. अंगात धुतलेला सदरा, केस नीट विंचरलेले.

"रोज दुपारी येऊन एवढं केलंस," ते म्हणाले, "पण माझ्याशी एक शब्द का बोलली नाहीस?"

ताई, मी मांडवातून हललेच नव्हते. तसं त्यांना सांगूनही टाकलं, तीच चूक झाली. आता मी खोलीत पाऊल टाकलं, की ते डोळे घट्ट मिटून घेतात आणि म्हणतात, "आधी काहीतरी बोल."

तुझी,
धाकटी