नागमोडी झाकण

दि. ६ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर निम्मं तुम्हाला ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही ऐकत नाही, म्हणून हे पत्र. आईला मोठ्याने वाचायला लावू नका, चष्मा शोधा. बहुतेक कपाळावरच असेल.

आमच्या संग्रहालयात लिहिण्याच्या जुन्या मेजांचं नवं दालन उघडतंय आणि त्यातलं सगळ्यात अवघड मेज माझ्या गळ्यात पडलंय. पडलंय म्हणजे मीच मान पुढे केली. सव्वाशे वर्षांचं, गुंडाळत्या झाकणाचं. झाकणाच्या लाकडी पट्ट्या धरून ठेवणारं मागचं कापड कुजून भुगा झालंय, चाळीस पट्ट्या सुट्या झाल्यात, त्यातल्या सात तर गायबच. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांचं मत पडलं, की झाकण अर्ध्यावर खिळे ठोकून बसवून टाकावं आणि पुढे काच लावावी. प्रमुख बाईंनाही ते पटत आलं होतं. मी भर सभेत बोलून गेले, की जे झाकण सरकत नाही त्याला मेज कशाला म्हणायचं, पेटारा म्हणा. बाईंनी मार्चअखेरपर्यंतची मुदत दिली, वर बजावलं, की मूळच्या पट्टीवर एक जरी नवा ओरखडा उमटला तर तो माझ्या नावावर.

नऊ वर्षं मी इथे खुर्च्यांचे पाय चिकटवतेय. अख्खं काम पहिल्यांदाच हाती आलंय. तुम्ही अशी झाकणं केलीत, पण ते तुम्ही दादाला शिकवत होता तेव्हा माझ्या हातात केरसुणी होती. दादा बँकेत गेला आणि माझं शिक्षण भुशापुरतंच राहिलं. आता तरी सविस्तर लिहा.

रागावलात तरी चालेल, उत्तर मात्र धाडा.

तुमची
भिंगरी


दि. १२ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. चष्मा कपाळावर नव्हता, खिशात होता. खिळे ठोका म्हणणाऱ्या तज्ज्ञांना माझा दुरूनच नमस्कार सांग.

आधी हे झाकण का आलं ते समजून घे. कॉलेजात तुला राजेरजवाड्यांच्या आवडीनिवडी शिकवल्या असतील. मी सुताराच्या बाजूने सांगतो. लिहिणाऱ्याकडे मुळात नुसती पेटी होती. मांडीवर घ्यायची आणि तिच्या उतरत्या झाकणावर लिहायचं. मांडी अवघडली तसे पेटीखाली पाय आले. पाय आले तशी मधली जागा रिकामी दिसू लागली, म्हणून खण आले. मग झाकण पुढे पडणारं झालं. उघडलं की तीच लिहायची फळी. पण त्यात एक गोची होती. बंद करायचं तर आधी कागद आवरायला हवेत, आणि कारकुनाला तर घरी जायची घाई. तेव्हा कुणा शहाण्याने पट्ट्या कापडावर चिकटवून झाकण गुंडाळतं केलं. पसारा तसाच ठेवा, झाकण ओढा, कुलूप लावा, साहेब खूश! पुढे टाइपरायटर आला, तो झाकणाखाली मावेना, आणि मेजं पुन्हा सपाट झाली. गरज बदलली की लाकूड बदलतं, एवढाच त्याचा इतिहास. तुमच्या पाट्यांवर मात्र मेजाशी कोण बसलं तेच लिहिलेलं असतं. ते करताना कुणाची कंबर मोडली त्याचा पत्ता नसतो.

आता काम. पट्ट्या पालथ्या मांड. त्यांच्या कडा काटकोनात हव्यात आणि एकमेकींना अशा भिडलेल्या, की मधून केस जाऊ नये. सरस पातळ ठेव. कापड पट्टीच्या टोकांपासून दोन बोटं आत राहू दे, नाहीतर झाकण ज्या बाजूच्या खाचेतून सरकतं तिच्यात अडकेल. नव्या सात पट्ट्याही काटकोनातच कापून घे. चाळीस वर्षं मी असंच करत आलो. एकही झाकण परत आलेलं नाही.

घाई करू नकोस. जेवत जा.

तुझे
बाबा


दि. २४ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मूळ पट्ट्यांना हात लावण्याआधी टाकाऊ लाकडातून तुम्ही सांगितलंत तसं झाकण करून बघितलं. सरस, कापड, टोकं, सगळं तुमच्या शब्दाबरहुकूम. वरच्या वळणावरून लोण्यासारखं सरकलं आणि खालच्या वळणाशी येऊन आडमुठ्या म्हशीसारखं उभं राहिलं. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

तुमची झाकणं अर्ध्या पिंपासारखी, एकाच बाजूला वळणारी होती. हे नागमोडी आहे, वर फुगीर आणि खाली आत दबलेलं. त्या दबलेल्या वळणात पट्ट्यांची तोंडं एकमेकींवर आपटतात. म्हणून मी जुन्या पट्ट्या भिंगाखाली धरल्या. प्रत्येकीची पुढची कड किंचित तिरपी तासलेली आहे. तुम्ही म्हणाल, सव्वाशे वर्षांची झीज. मलाही आधी तसंच वाटलं. पण सगळ्यात मागच्या तीन पट्ट्या खालच्या वळणापर्यंत कधी पोचतच नाहीत, त्यांना कुणाचा हातही लागत नाही, आणि त्यांचीही कड तशीच आहे. म्हणजे करणाऱ्यानेच ती रंध्याने काढलेली.

बाबा, या मेजापुरतं तुमचं चुकतंय. मी कडा तासूनच नव्या पट्ट्या करणार आहे.

रागाचं पत्र आलं तरी मी जपून ठेवीन.

तुमची
भिंगरी


दि. १६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
तुझ्या आईचे गोड आशीर्वाद.

तीन आठवडे पत्र नाही म्हणून काळजीत असशील. तुझं पत्र आलं त्या दिवशी ह्यांनी ते दोनदा वाचून खिशात घातलं. मग म्हणाले, पुस्तकं वाचून सुतारकी येत नसते. दुसऱ्या दिवशी फळवाल्याकडून रिकामी खोकी आणली आणि मागच्या व्हरांड्यात ठाण मांडलं. कापड हवं म्हणून स्वतःची जाड विजार फाडली, तीही चांगली!

नागमोडी खाच पाडून झाली, पट्ट्या झाल्या, झाकण बसवलं आणि अडकलं. मला सांगितलं, खोक्याचं लाकूडच भिकार. मी हूं म्हटलं आणि चहा ठेवला. दुसरं केलं, तेही अडकलं. काल न सांगता रंधा काढला. आज सकाळपासून वर-खाली, वर-खाली, नुसती खडखड चाललीये. शेजारीण विचारून गेली, दुकान काढताय का, शटर बसवताय म्हणून.

हे काही स्वतःहून पत्र लिहिणार नाहीत. मी कागद पुढे सरकवला, तेव्हा खाली दोन ओळी खरडल्यात. त्या वाच आणि आईला विसरू नकोस.

तुझी
आई

(कड तासायचीच. तुझं बरोबर. तिरप नेमकी किती ते मोजून कळव, मी अंदाजाने घेतली. — बाबा)


दि. २७ मार्च

ती. बाबांस आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

सरकलं! प्रमुख बाईंनी एका बोटाने ओढलं आणि झाकण आपलं आपण खाली गेलं. त्यांनी ते पुन्हा वर केलं, पुन्हा खाली केलं, मग माझा हात हातात घेतला. मूळच्या तेहतीसही पट्ट्या शाबूत आहेत, ओरखडा एकावरही नाही. रोज अकरा वाजता दालनातला परिचर झाकण उघडून दाखवणार, असं ठरलंय. पाटीवर मेज कसं केलं तेही लिहायचं मी मान्य करून घेतलंय.

पाच तारखेला उद्घाटन. दोघं या. सबबी चालणार नाहीत.

तुमची
भिंगरी


दि. १४ एप्रिल

चि. भिंगरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

उद्घाटनाला हे आले नाहीत म्हणून तू डोळ्यांत पाणी आणलंस. भाषणं ऐकू येत नाहीत, ही सबब होती. खरं सांगू नकोस असं मला बजावलंय, म्हणून लगेच सांगते. तिथे तुझ्यासमोर आपल्याला रडू फुटेल, याची त्यांना धास्ती होती.

परवा तू कामासाठी परगावी गेल्याचं कळलं, तसे हे इस्त्रीचा सदरा घालून तयार! साडेदहालाच आम्ही दालनात हजर. परिचराने झाकण उघडलं, मिटलं. ह्यांनी पुन्हा उघडायला लावलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तो बिचारा घाबरला आणि विचारू लागला, की आपण तपासणीला आलात का. हे म्हणाले, नाही हो, मी नुसता बाप आहे. मग त्याला दोन्ही हातांनी समान ओढायचं कसं, ते शिकवलं.

तोवर दहा-पंधरा माणसं जमली. बहिऱ्या माणसाचा आवाज तुला ठाऊकच आहे. अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असं ह्यांनी सांगितलं, की मी चाळीस वर्षं हाच धंदा केला, पण ही कड तासायची असते हे मला माहीत नव्हतं, माझ्या मुलीने शोधून काढलं. शाळेच्या एक बाई वहीत लिहून घेत होत्या, त्यांना परत एकदा सांगितलं. चाळीस वर्षांत स्वतःला येत नसलेली गोष्ट ह्यांनी चारचौघांत कबूल केलेली मी पहिल्यांदा पाहिली, आणि तीही छाती फुगवून!

हे पत्र वाचून झाल्यावर फाडून टाक. नाही फाडलंस तरी चालेल.

तुझी
आई


दि. २० एप्रिल

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. मी कुठे गेलो नव्हतो.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे त्यांच्या आजोबांचं एक मेज आहे, गुंडाळत्या झाकणाचं, नागमोडी. पार अडकलंय. काल ते माझ्याकडे घेऊन आले. मी चारी बाजूंनी बघितलं, पण पट्टीला हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचं जिवावर येतं, तुम्हीच करा. मी म्हटलं, माझ्यापेक्षा चांगला हात आहे, पण त्या हाताला सुट्टी मिळेल तेव्हाच होईल. ते थांबायला तयार आहेत.

तेव्हा रविवार मोकळा ठेव. हत्यारांना धार लावून ठेवली आहे. काय करायचं ते तू सांग, पट्ट्या मी धरीन.

वाट बघतो आहे.

तुझे
बाबा