बिनमाणसाच्या जहाजाला दाखवलेलं पापलेट

नवापूर

जहाजावरच्या अनोळखी भावा,

तुझं नाव-गाव ठाऊक नाय, म्हणून हे पत्र घरातच राहणार. लय वर्षांपूर्वी वादळात माझ्या होडीचं इंजिन बंद पडलेलं. मी सदरा काढून हलवत होतो, नि तू डेकवरून मला पाहिलंस. जहाज थांबवायला लावलंस, दोरी सोडलीस. आज मी नातवंडं खेळवतोय.

आता आमच्याकडं बिनमाणसाची जहाजं यायची हायत. मच्छीमाराची होडी त्यांना दिसते का, याची बंदरवाल्यांनी परवा चाचणी घेतली. आमचं मासेमारीचं पाणी खातं म्हणून मी बंदराला शिव्या घालणारा माणूस, तरी चाचणीला पहिला मीच गेलो. आमची पोरं उद्या त्याच पाण्यात जाणार. ते जहाज त्यांना पाहील का, हे कळायला नको?

इंजिन बंद करून सदरा हलवला. जहाज लांबच थांबलं! मला इतका आनंद झाला की टोपलीतलं मोठं पापलेट उचलून मी वर धरलं. उपकाराला आमी मासाच देतो. पण डेकवर कुणीच नव्हतं. मी येड्यासारखा मासा धरून उभा.

किनाऱ्यावर परतलो, तर माकुणसारची हेमाली धावत आली. किनाऱ्यावरच्या खोलीत बसून जहाजाच्या कॅमेऱ्यातून नजर ठेवायचं काम तिचं.

"काका, पडद्यावर दिसलात मला! ते पापलेट माझंच ना?"

तिलाच दिलं. भावा, त्या वादळात तुला द्यायला होडीत एक मासा उरला नव्हता. तुझा वाटा तिच्या हाती पोचला, असं समज.

तुझ्या नजरेमुळं जगलेला,
देवू