जावळाच्या जेवणावर ढकललेलं रक्त

राजारामपुरी, कोल्हापूर
६ फेब्रुवारी १९८४

प्रिय सयाजी,

माझ्या ऑपरेशनला तू मुंबईला येतोस, हे वाचून बरं वाटलं. कबनूरचे माग चार दिवस तुझ्यावाचून चालतील. माझ्या मोठ्या आतड्यात लिंबाएवढी गाठ आहे. आपल्या घरात हे ‘पोटाचं काहीतरी’ म्हणून सांगतात, मी सांगणार नाही. एकोणतीस वर्षं मुलींना नीट उत्तर लिहायला शिकवलंय.

दोन वर्षांपूर्वी बाळासोच्या नातवाचं जावळ होतं. दोन दिवस तांबडा रस्सा ओरपला आणि तिसऱ्या दिवशी शौचाची डबी लॅबमध्ये दिली. न दिसणारं रक्त त्यात सापडलं. आमचे डॉक्टर हसले. मटण खाल्लं की ही तपासणी फसते, म्हणाले, आणि ते खरंही आहे. घरी बयाबाईनं भांडी घासता घासता निकाल दिला, “बाई, त्या बोकडाचंच रगत हाय की त्ये, तुमचं न्हाय.” मग तीन दिवस पिठलं-भाकरी खाऊन पुन्हा डबी दिली. स्वच्छ. मीही हसले आणि तुला चार पानी गमतीचं पत्र लिहिलं.

आता मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ रोज रक्त गाळत नाही. तिच्या सुट्टीच्या दिवशी डबी दिली तर स्वच्छच येणार. एकदा रक्त सापडलं, की दुसऱ्या डबीनं ते पुसलं जात नाही, आतड्यात बघावंच लागतं. बघायचं कशानं, हेही मी त्यांना खोदून खोदून विचारलं. बोट घालून फार तर तीन-चार इंच कळतं. ताठ नळी वीतभर आत जाते, आतडं आहे चार-पाच फूट. बेरियमचा एक्स-रे सगळं आतडं दाखवतो, पण लहान गाठ त्यातून निसटते. लांब, वाकणारी दुर्बीण शेवटपर्यंत जाते आणि संशय आला तर तिथला तुकडाही काढून आणते. त्रास होतो, लाजही वाटते. शाळेत नन्सनी तर आम्हाला कमरेखाली शरीर असतं याचा पत्ताच लागू दिला नव्हता. पण अर्ध्या तासात खरं काय ते कळलं. आमच्या डॉक्टरांना मी हे तोंडावर सुनावून आले. ते म्हणाले, तुम्हालाही तेच ऐकायचं होतं ना, बाई.

आण्णांचं आठवतं? आठ महिने मूळव्याधीचं औषध चाललं होतं. धोतर डागलं की ते स्वतः धुऊन टाकायचे, पोरीला, आक्काला, सांगू नका म्हणायचे. शेवटी पोट फुगलं तेव्हा कुणीतरी कॅन्सरचं नाव घेतलं. ही गाठ घराण्यात चालते, असं मुंबईत म्हणाले. त्यांनी विचारलं, भाऊ आहे का? किती वर्षांचा?

आणि तू पत्राच्या शेवटी दोन ओळींत लिहितोस, तुझ्याही तपासणीत रक्त आलं, पण आदल्या दिवशी मटण होतं, आक्काचं झालं तसंच. सयाजी, माझं ते पत्र फाडून टाक. मी चुकले होते. तुला हसत हसत चुकीचं शिकवलं.

ऑपरेशन सोमवारी आहे असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. माझं ऑपरेशन गुरुवारी आहे. सोमवारी, वीस तारखेला, सकाळी नऊला दुर्बिणीसाठी तुझं नाव लिहून ठेवलंय. तिथे नेऊन सांगणार होते, पण आतडं रिकामं असल्याशिवाय ते काही करत नाहीत, म्हणून आज खरं लिहावं लागतंय. शुक्रवारच्या गाडीनं निघ. शनिवारपासून फक्त पातळ पेज आणि चहा. रविवारी एरंडेल मी स्वतः पाजेन. रागावलास तर रागाव, पण ये. तू आला नाहीस तर गुरुवारी मीही टेबलावर चढणार नाही, हे मी डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

तुझीच,
आक्का