तू न म्हटलेलं वाक्य

प्रिय वसंता,

काल तुझ्या शोकसभेत मी खोटं बोललो. तुझ्या तोंडी एक वाक्य घातलं, जे तू कधीच म्हणाला नव्हतास. आज सकाळपासून ते गावभर फिरतंय आणि रविवारी पेपरातही यायचं आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय मला पुढचं काही सुचेना, म्हणून लिहायला बसलो.

सभागृह भरलं होतं रे. रविवार कारंजावरच्या तुझ्या दुकानातून कॅसेट भरून नेलेली माणसं पार निफाडहून आली होती. एकाने तर सांगितलं की त्याच्या लग्नात वाजवायच्या गाण्यांची यादी घेऊन तो तुझ्याकडे आला होता आणि तू त्यातली निम्मी बदलायला लावलीस. सगळे हसले. मला शेवटी बोलायला उभं केलं. तू कॅसेट भरायच्या दोन डेकच्या मधे कसा बसायचास, गिऱ्हाइकाच्या हातातली यादी वाचून ‘या गाण्यानंतर हे कसं चालेल?’ म्हणून त्याच्याशीच कसा भांडायचास, ते मी रंगवून सांगितलं. तिथवर सगळं खरं होतं.

पण भाषणाला शेवट लागतो. तो सापडत नव्हता. आणि मी म्हणालो, ‘दवाखान्यात मी त्याच्या कानात नव्या प्लेअरचे इअरफोन घातले. त्यानं डोळे मिटले आणि म्हणाला, बापू, तुझंच खरं होतं.’

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! मला त्या आवडल्या, वसंता. हे लिहिताना मान वर होत नाही, पण त्या क्षणी आवडल्या.

आपला वाद किती जुना! सीडी आली तेव्हा तू म्हणालास, ही तबकडी चार उन्हाळे टिकणार नाही. तुझं चुकलं. मग मेन रोडच्या फुटपाथवर एमपीथ्रीच्या सीड्या आल्या, एकीत दीडशे गाणी. मी एक विकत घेऊन तुझ्या काउंटरवर ठेवली, विजयी वीरासारखा. तू विचारलंस, यातली ऐकलीस किती? पाच, मी म्हणालो. मग बाकीची कुणासाठी घेतलीस, असं विचारून तू चहा मागवलास.

पेपरातल्या माझ्या सदरात मी दर आठवड्याला नव्या यंत्रांच्या बातम्या घेऊन त्यांवर लिहायचो. गुरुवारी लेख तुझ्या दुकानात वाचून दाखवायचा, तू त्याच्या चिंध्या करायच्यास आणि मी तो तसाच छापायला द्यायचो. माझा मुद्दा मी आजही सोडलेला नाही. संगीत मूठभर कंपन्यांच्या कपाटात कोंडलेलं होतं. ते फुटलं, हे चांगलंच झालं. दिंडोरीच्या बागेत द्राक्षांचे घड विरळणारी बाई आज कनवटीला मोबाइल खोचून तिच्या आवडीचं गाणं ऐकते. सुरगाण्याकडची पोरं आपल्या बोलीतली गाणी स्वतः भरतात आणि मेमरी कार्डावरून पाड्यापाड्यात पोचवतात. त्यांना कुठल्या कंपनीने दारात उभं केलं होतं? हे मी व्यासपीठावरून शंभरदा गरजून सांगितलं, आणि पुन्हा सांगेन.

तू हे कधीच नाकारलं नाहीस. तुझं म्हणणं वेगळं होतं आणि ते मी एकदाही नीट छापलं नाही. तू म्हणायचास, कॅसेट भरताना गाणं पूर्ण वाजावं लागतं, म्हणजे भरणाऱ्याच्या कानावरून ते एकदा तरी जातंच. आता पहिल्यांदाच असं होतंय की गाणं या हातातून त्या हातात जातं आणि मधे कुणी ते ऐकलेलंच नसतं. मी चिडून म्हणालो होतो, उगाच सोवळेपणा सांगू नकोस, तूही रेकॉर्डवरून गाणी उतरवून विकणारा चोरच. तेव्हा तू काय म्हणालास आठवतं?

‘चोर तर आहेच. पण मी ऐकून चोरी करतो.’

दुकानातले सगळे हसले होते. मीही हसलो. आणि विषय बदलला.

आणि दवाखान्यात? तिथे जे घडलं ते आपल्या दोघांनाच माहीत, म्हणून तर माझी जीभ एवढी सैल सुटली. मी प्लेअर घेऊन आलो होतो, हे खरं. त्यात सहाशे गाणी भरली होती, हेही खरं. इअरफोन तू हातातच ठेवलेस. ‘ही सगळी तू ऐकलीस?’ एवढंच विचारलंस. मी म्हणालो, वेड्या, संगणकावरून दहा मिनिटांत भरली, आणि पुढे तासभर त्या यंत्राचं कौतुक सांगत बसलो. पडद्यावर नावं कशी दिसतात, बॅटरी किती चालते. तू मधे एकदा हात वर केलास. दुकानात माझा लेख अडवायचा असला की करायचास तसाच. मी म्हणालो, थांब, हे पुरं करतो. मग भेटीची वेळ संपली आणि नर्सने मला बाहेर काढलं. माणूस आजारी आहे, त्याला श्वास पुरत नाही, एवढंही मला दिसू नये?

सभेनंतर मी तुझ्या घरी गेलो. शालिनीवहिनींनी चहा दिला. भाषण छान झालं म्हणाल्या. मग कप उचलता उचलता त्यांनी विचारलं, ‘पण भाऊजी, शेवटी ‘तुझंच खरं’ म्हणणारा तो माणूस कोण होता?’

त्या रागावल्या नव्हत्या, तेच जास्त लागलं. त्यांनी सांगितलं की तू शेवटच्या आठवड्यातही मला हरवायचं म्हणत होतास. त्या दिंडोरीच्या बाईचा माझा मुद्दा, ज्याच्यापुढे तुला काही सुचत नाही असं मी मानून चाललो होतो, त्यावर तुला उत्तर सापडलं होतं. बापू आला की सांगतो, म्हणायचास. मी येऊन गेल्यावर तू ते वहिनींना सांगून ठेवलंस.

‘काय म्हणाला?’ मी विचारलं.

‘आता नाही आठवत हो. तुमचं दोघांचं नेहमीचंच म्हणून मी औषधांच्या वेळा बघत होते.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा. सभेत नव्हतं आलं.

आज सकाळी शेजारचे दातार फाटकात भेटले. साठी उलटलेला माणूस, पण नवा फोन घेतल्यापासून जमिनीवर पाय नाहीत. कुणीतरी माझं भाषण मोबाइलवर भरून घेतलं होतं आणि ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं. म्हणाले, अप्रतिम झालं म्हणे, मी लगेच चौघांना ब्लूटूथने दिलं. कसं वाटलं, मी विचारलं. तर म्हणाले, अजून ऐकायला वेळ नाही झाला.

वसंता, तुझं म्हणणं इतक्या वर्षांत मला आत्ता कुठे समजलं, आणि तेही माझंच खोटं लोकांच्या खिशात गेल्यावर! तू असतास तर माझी काय रेवडी उडवली असतीस!

त्यानंतर संपादकांचा फोन आला. भाषण जसंच्या तसं रविवारच्या सदरात हवंय. तो शेवट तर हवाच, म्हणाले.

मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोटेपणावर तुटून पडलो. मंत्र्याला सोडलं नाही, महंताला सोडलं नाही. आणि ज्याच्याशी वाद घालून माझी जीभ घडली, त्याला गप्प झाल्यावर हरवलं. जिवंत असताना तू हाती लागला नाहीस, म्हणून मेल्यावर तुला माझ्या बाजूला आणून बसवलं. यात मैत्री कुठे होती रे?

तर ऐक. रविवारी ते भाषण छापून येणार नाही. सदरात पहिलंच वाक्य असेल की वसंता असं काही म्हणाला नव्हता, ते मी रचलं. त्याखाली तुझं सगळं म्हणणं लिहीन, तुझ्या शब्दांत, त्यातली धार न काढता. शाई सुकण्याआधी ते वहिनींना वाचून दाखवीन. त्या जिथे ‘हे असं नव्हते म्हणत’ म्हणतील, तिथे खोडीन. फोनवर फिरणारं मला परत आणता येणार नाही. पण यापुढे ज्या ज्या सभेत उभा राहीन, तिथे आधी ते खोटं असल्याचं सांगेन, मग माझ्या विषयाला हात घालीन.

आणि त्या दिंडोरीच्या बाईबद्दल लिहिताना हेही लिहीन, की माझ्या या मुद्द्याला वसंताने उत्तर दिलं होतं. ते काय होतं, मला माहीत नाही. मी ते ऐकून घेतलं नाही.

तुझा,
बापू