झारीतला मेपलचा रस

मनू,

केयाला तिच्या मैत्रिणीकडून आणायला 'बर दुबई' भागात जातोय. शारजाचा ट्रॅफिक बघता सात वाजतील.

तिने कॅनडाहून तुझ्यासाठी आणलेला मेपलच्या झाडाचा गोठवलेला रस फ्रीझरमध्ये दिसला नाही, तर घाबरू नकोस. पाक करून तुम्हा दोघींना चकित करावं म्हणून मी तो दुपारी बाहेर काढला. अर्धा वितळला होता. ते पिवळट पाणी बर्फाचं समजून बाजूला काढलं आणि पांढराशुभ्र बर्फ तासभर आटवला. शेवटी पातेलं उरलं, तेही काळं.

केयाला फोन केला. "बाबा, आइस इज जस्ट वॉटर! साखर आधी वितळलेल्यात जाते!"

तुझ्या राज्यात पाणी सिंकमध्ये ओतायला बंदी आहे, म्हणून वाचलो. सगळा रस तुळशीच्या झारीत सापडला. झारी कालच घासलेली होती. चाखला, गोड आहे. गाळून फ्रिजमध्ये ठेवलाय.

तो तुम्ही दोघींनी आटवा. ती आल्यापासून तुमचं बोलणं "जेवलीस का"च्या पुढे गेलेलं नाही. रस आटायला दोन तास लागतात आणि गॅसपासून हलता येत नाही. मी हॉलमध्ये असेन, टीव्ही मोठा लावून.

मधू