कविता संपली की पाणी वळवायचं

बाई, आज शाळेच्या बागेत पालकाचा एक वाफा बुडाला आणि तुमची फार आठवण आली. आपली शाळा नव्हे, ही इंदिरानगरातली. नातीला सोडायला यायचो. ती कॉलेजात गेली, मी मात्र दर शनिवारी इथल्या मुलांबरोबर माती उकरायला येतच राहिलो. फाल्गुन सरत आलाय, कुंपणाजवळच्या कडुनिंबाला तांबूस पालवी फुटलीय, आणि मुलं पाणी देतात ते तुमच्याच पद्धतीनं. एका वाफ्याला एक कविता. मोठ्यानं म्हणत उभं राहायचं, शेवटची ओळ झाली की पाणी पुढच्या वाफ्यात वळवायचं. आपल्या शाळेत घड्याळ एकच, तेही हेडमास्तरांच्या मनगटावर. तुम्ही आम्हाला कवितेनं वेळ मोजायला शिकवलंत.

तुमच्या आई गेल्या त्या वर्षी तुम्ही सटाण्याहून, माहेरच्या अंगणातल्या गावठी गुलाबाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून आणल्या होत्या. ते घर आता बंदच होणार होतं, झाड राहणार नव्हतं. त्या वाफ्याचं पाणी माझ्याकडे. मी सातवीत, आणि कवितेचं हे एवढं वेड. शेवटचं कडवं इतकं आवडायचं की ते पुन्हा म्हणायचो, मग आणखी एकदा. डोळे मिटलेले आणि पाणी आपलं चालूच. पंधरा दिवसांत काड्या बुडातून काळ्या पडल्या. एक उपटून तुम्ही कितीतरी वेळ बोटांत फिरवत उभ्या आहात, ते मला अजून दिसतं. "पाणी जास्त झालं का रे कुणाकडून?" मी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिलो. "जाऊ दे. माझ्याच हाताला गुण नाही," म्हणालात. दुसऱ्या दिवशी मला बाजूला घेतलंत. "तू आता ही चार ओळींचीच कविता म्हणत जा." माझी लाडकी कविता काढून घेतलीत म्हणून मी जो रुसलो, तो शाळा सोडेपर्यंत.

आज पाचवीतली एक मुलगी चिखलानं भरलेल्या पायांनी समोर येऊन उभी राहिली. "आजोबा, मी कविता तीनदा म्हटली. वाफा बुडाला." मागून मैत्रीण ओरडली, "आजोबा, हिने पालकाला पोहायला शिकवलं!" पोरगी रडवेली, पण नजर खाली नाही. मला साठ वर्षांत जमलं नाही ते तिनं एका दमात सांगून टाकलं. मी बांध फोडून पाणी काढून दिलं आणि सहज बोलून गेलो, "पुढच्या शनिवारपासून तू छोटी कविता म्हण हं." बोललो, आणि खुरपं हातातच राहिलं.

बाई, म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं.

हे पत्र वहीतच राहील, दुसरीकडे कुठे जाणार? तुमचा गुलाब माझ्यामुळे गेला, एवढं एकदा लिहायचं होतं. आणि खरं सांगू? आजही मी शेवटचं कडवं दोनदा म्हणतो. पण आधी पाणी वळवतो.